तोडण्याआधी ओळखा
भंगारात आलेली लष्करी वाहने, रणगाडे आणि सिनेमातल्या तोफा

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूर, रांजणगाव ओलांडून शिरूरकडे जा, किंवा सोलापूर रस्त्याने पाटस, कुरकुंभमार्गे दौंडकडे वळा. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या कुंपणाआड भंगाराची गोडाऊने दिसतात. रांजणगाव आणि कुरकुंभ या दोन औद्योगिक वसाहतींमुळे इथे पत्रा, बीड, तांबे, पितळ, मोडकी यंत्रे यांचा ओघ कायम चालू असतो. गॅस कटरची निळी ज्योत, वजनकाट्यापुढे लागलेले टेम्पो, हातात लोहचुंबक घेऊन ढिगातून फिरणारी पोरे हे दृश्य आपल्यापैकी अनेकांच्या घरचेच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची रोजी या लोखंडावर चालते. वडिलांनी हातगाडीवर सुरू केलेला धंदा मुलांनी गोडाऊनपर्यंत नेला, अशी उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

या ढिगात कधीकधी वेगळ्याच रंगाची वस्तू येते. शेवाळी हिरव्या रंगाची, टायर गेलेली जीप. लांब नाकाचा जुना ट्रक. जाड लोखंडी झाकण, साखळीचे पट्टे, डायल असलेले मीटर. क्वचित एखादा अख्खा रणगाडाही असतो, मग तो खरा असो की सिनेमाच्या किंवा चित्ररथाच्या कामासाठी बनवलेला. लोक फोटो काढतात, मुले वर चढतात आणि काही दिवसांत ती वस्तू किलोच्या भावाने कापून निघून जाते.

कापायला हरकत नाही, धंदा आहे. पण कटर लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू नेमकी काय आहे? तिचे कागद कुठे आहेत? आणि तिच्यात जीव घेणारे काही उरले आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे माहीत नसल्यामुळे आपल्याकडे इतिहास वितळला आहे, साधी माणसे पोलीस ठाण्यात बसली आहेत आणि काही घरांतली कर्ती माणसे गेली आहेत.

घोडनदीची जुनी छावणी

या भागात लष्करी सामान का सापडते, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. घोड नदीच्या काठचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारच्या फौजेची मोठी छावणी होते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी तुकडी कोरेगाव भीमाकडे निघाली, ती इथूनच. या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि पुढे त्याच्या थडग्याला गावकरी ‘सत्पुरुष’ म्हणून मानू लागले, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये आहे.

१८१७ मध्येच पूना हॉर्स या घोडदळाची उभारणी झाली आणि शिरूर हे दीर्घकाळ त्याचे ठाणे राहिले. पुढे या पलटणीत जे दुसरे घोडदळ विलीन झाले, त्याने १८५७ मध्ये इराणातल्या खुशाबच्या लढाईत एक निशाण जिंकले होते. त्या निशाणाच्या टोकावर चांदीचा पंजा आहे आणि ‘अल्लाहचा हात सर्वांवर आहे’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे. हे निशाण पूना हॉर्सच्या मानचिन्हांत आजही आहे.

घोडे गेले आणि त्यांच्या जागी रणगाडे आले, पण भूगोल तोच राहिला. पुण्याजवळ खडकीला चिलखती वाहनांचे मध्यवर्ती आगार आणि रणगाडे दुरुस्त करणारी लष्करी कार्यशाळा आहे. देहूरोडला लष्करी सामानाचे आगार आहे. शिरूरहून तासाभरावर अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तिथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी वाहनांची चाचणी घेणारी संशोधन संस्था आहे. नगरकडे जाणारी रेल्वे दौंडलाच फुटते. दौंड-मनमाड हा मार्ग १८७८ पासून चालू आहे. एका टोकाला खडकी, दुसऱ्या टोकाला नगर आणि मध्ये शिरूर-दौंड. म्हणून निकामी ठरलेल्या लष्करी वाहनांचे भाग या पट्ट्यात दिसले तर नवल नाही.

नंबरामुळे वाचलेला रणगाडा

नगरमध्ये १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय सुरू झाले. कॅव्हलरी टँक म्युझियम या नावाने ते ओळखले जाते. मोकळ्या आवारात सुमारे ५० चिलखती वाहने मांडलेली आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइस चिलखती मोटार, ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी बनावटीचे रणगाडे, आपला विजयंता, फ्रेंच एएमएक्स-१३ आणि युद्धात पकडलेले अमेरिकन बनावटीचे पॅटन असे सगळे इथे जवळून पाहता येतात.

नगरच्या याच प्रशिक्षण केंद्रात एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. त्याचे नाव फामागुस्ता, नंबर जेएक्स २०२. पुण्यात जन्मलेला अरुण खेतरपाल हा पूना हॉर्सचा तरुण अधिकारी १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात शहीद झाला. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. याच पलटणीचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या युद्धात शहीद झाले होते आणि त्यांनाही परमवीर चक्र मिळाले होते. मुंबईत जन्मलेल्या या पारशी अधिकाऱ्याचे शिक्षण पुण्यात झाले.

फामागुस्ताला लढाईत गोळे लागले होते, तो जळाला होता. वजनाच्या भाषेत तो ५० टनांहून जास्त भंगार होता. पण कोणीतरी त्याचा नंबर पाहिला, तो कोणाचा हे ओळखले आणि त्याची दुरुस्ती करून ठेवली. लोखंडावरचा एक नंबर वाचला गेला, एवढ्यावर त्याचे नशीब बदलले.

१९६५ च्या युद्धाची दुसरी आठवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावचे हवालदार अब्दुल हमीद खेमकरण भागात जीपवर बसवलेली तोफ घेऊन पॅटन रणगाड्यांसमोर उभे राहिले आणि एकामागून एक रणगाडे त्यांनी निकामी केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी ते शहीद झाले. पंचेचाळीस टनांच्या आसपासचा पॅटन त्या काळी अजिंक्य समजला जाई; त्याच्यासमोर एक उघडी जीप होती, जिला पत्र्याचा आडोसाही नव्हता. त्याच युद्धात १८ कॅव्हलरीचे राजस्थानी कायमखानी जवान अयूब खान यांनीही पॅटन रणगाडे टिपले आणि वीरचक्र मिळवले. ते पुढे झुंझुनूचे खासदार झाले.

पकडलेले पॅटन युद्धानंतर देशभरात चौकाचौकांत, छावण्यांच्या दारांत स्मारक म्हणून उभे राहिले. जीपांच्या नशिबी मात्र ते भाग्य क्वचितच आले. त्या लिलावात गेल्या, गावोगावच्या गॅरेजांत फिरल्या आणि शेवटी कापल्या गेल्या.

जीप, जोंगा, शक्तिमान

भंगारात रणगाड्यापेक्षा चाकांची वाहने कितीतरी जास्त येतात. त्यांतली तीन ओळखून ठेवावीत.

पहिली जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने बनवलेली ही गाडी युद्ध संपल्यावर शिल्लक मालाच्या विक्रीत भारतभर पसरली. पुढे तिची जुळणी मुंबईत होऊ लागली. ही जुळणी करणारी कंपनी १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली होती. त्यातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. त्यानंतर कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. नाव बदलले तरी सुरुवातीची ‘एम अँड एम’ ही आद्याक्षरे तशीच राहिली.

दुसरी जोंगा. हे नाव ऐकून पुष्कळांना तो परदेशी शब्द वाटतो. प्रत्यक्षात ती जबलपूरच्या लष्करी कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. निसान पेट्रोल या जपानी गाडीवरून बेतलेली जोंगा १९६९ पासून १९९९ पर्यंत जबलपूरला बनत होती. तिसरा शक्तिमान ट्रक. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने हाही जबलपूरलाच बने. लांब पुढे आलेले बॉनेट आणि उंच चाके ही त्याची खूण. लष्करातून निवृत्त झालेले असे ट्रक नंतर क्रेन म्हणून, बंद पडलेली वाहने ओढायला वापरले गेले. त्यांचा सांगाडा जाड, गिअरची ताकद मोठी, त्यामुळे ते आणखी कितीतरी वर्षे चालत.

या गाड्यांचे सुटे भाग आज शोधूनही मिळत नाहीत. जोंगाचा गिअरबॉक्स, जुन्या जीपचा एक्सल, मूळ मीटर, मूळ बॉनेट यांची किंमत जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे लोखंडाच्या भावाच्या कितीतरी पट असू शकते. कटर लावण्याआधी चासी नंबर पुसून वाचणे आणि एक-दोन जाणकारांना फोन करणे, एवढ्या अर्ध्या तासाच्या मेहनतीत कधीकधी महिन्याची कमाई होते. भंगाराच्या धंद्यात ज्याची नजर तयार, त्याचा नफा मोठा, हे जुने लोक सांगत आलेच आहेत.

लाकूड, रबर आणि कापडाचे रणगाडे

आता नकली रणगाड्यांकडे वळू. सिनेमावाल्यांच्या कितीतरी आधी ही युक्ती लष्कराने केली. १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल लिबियातल्या त्रिपोलीत उतरला, तेव्हा त्याच्याकडे रणगाडे कमी होते. त्याने लहान फोक्सवॅगन मोटारींवर लाकूड आणि कापडाचे सांगाडे बसवून रणगाडे जास्त असल्याचा देखावा केला. पुढच्याच वर्षी इजिप्तमध्ये अल-अलामीनच्या लढाईपूर्वी ब्रिटिशांनी उलटा डाव टाकला. खऱ्या रणगाड्यांवर ट्रकच्या आकाराची कापडी खोळ चढवली आणि दुसरीकडे खोटे रणगाडे उभे केले. १९४४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या एका खास तुकडीने हवा भरून फुगवायचे रबरी रणगाडे युरोपात वापरले.

सिनेमाने हीच कला उचलली. ‘अ ब्रिज टू फार’ या १९७७ च्या चित्रपटात काही शर्मन रणगाडे म्हणजे मोटारीच्या चासीवर बसवलेले साचे होते. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’मधला रणगाडा खोदकामाच्या यंत्रावर उभारलेला होता. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधले जर्मन टायगर हे वेष पालटलेले रशियन टी-३४ होते. खरा टायगर पडद्यावर आला तो ‘फ्युरी’ या २०१४ च्या चित्रपटात. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयाने आपला चालू स्थितीतला रणगाडा त्यासाठी दिला होता.

आपल्याकडचे ताजे उदाहरण म्हणजे २०२३ चा ‘पिप्पा’. १९७१ च्या युद्धातल्या गरीबपूरच्या लढाईवरचा हा चित्रपट. पाण्यावर तरंगणाऱ्या पीटी-७६ रणगाड्याला जवान पिप्पा म्हणत, कारण तुपाचा रिकामा डबा पाण्यात टाकला की तो असाच तरंगतो. या चित्रपटासाठी खराखुरा पीटी-७६ वापरला गेला. असा योग फार थोड्यांना लाभतो. बाकी चित्रपट, मालिका, प्रजासत्ताक दिनाचे चित्ररथ आणि गणेशोत्सवातले देखावे यांचे काम प्लायवूड, पत्रा, पीओपी आणि फायबरवरच भागते. काम संपले की सेट उतरतो. त्यातले लाकूड एकाकडे जाते, लोखंडी सांगाडा दुसऱ्याकडे. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरची दुकाने चित्रीकरणासाठी जुन्या वस्तू पुरवतात. तिथे जे विकले जात नाही ते शेवटी काट्यावरच येते.

खरा की खोटा?

रंग उडालेला, धुळीत रुतलेला नकली रणगाडा लांबून हुबेहूब खरा दिसतो. पण जवळ गेल्यावर फसगत होण्याचे कारण नाही.

वजन ही पहिली खूण. विजयंता सुमारे ४० टनांचा, टी-५५ सुमारे ३६ टनांचा आणि हलका समजला जाणारा पीटी-७६ सुद्धा १४ टनांचा असतो. खरा रणगाडा साध्या क्रेनने हलत नाही. जो टेम्पोतून आला, तो नकलीच.

आवाज ही दुसरी. हातोडीने ठोकून पाहा. पत्रा वाजतो, फायबर पोकळ बोलतो आणि चिलखताचे पोलाद दगडासारखे मुके राहते. झाकणाची जाडी पाहिली तरी समजते. खऱ्या रणगाड्याचे झाकण एका माणसाला उचलायला जड जाते.

तिसरी खूण पट्ट्यांची. खऱ्या रणगाड्याच्या साखळीतली प्रत्येक कडी ओतीव पोलादाची असते आणि पिनांनी जोडलेली असते. नकलीत पट्टा रबराचा किंवा लाकडाचा असतो आणि आत मोटारीची साधी चाके लपलेली दिसतात.

चौथी खूण नळीची. खऱ्या तोफेच्या नळीची जाडी मोठी असते आणि पुष्कळशा जुन्या तोफांच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. नकलीची नळी म्हणजे बोअरवेलचा पाइप.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे अक्षरे. खऱ्या लष्करी वस्तूवर ठिकठिकाणी ओतकामाचे आकडे, कारखान्याच्या पट्ट्या आणि क्रमांक असतात. ते दिसले की हात थांबवावा, मोबाइलवर फोटो काढावा आणि पुढचा प्रश्न विचारावा.

कागद हीच ढाल

पुढचा प्रश्न कागदाचा. लष्कराची निकामी वाहने आणि सामान जाहीर लिलावाने विकले जाते. सरकारी भंगाराचे असे लिलाव आता बहुतेक ऑनलाइन होतात आणि १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी त्यात प्रमुख आहे. लिलावात माल घेणाऱ्याला विक्रीचा कागद आणि माल बाहेर नेण्याचा आदेश मिळतो. त्या मूळ खरेदीदाराकडून तुम्ही माल घेतलात, तर या कागदांची प्रत आणि तुमच्या नावाचे बिल दोन्ही मागून घ्या. ओळखीच्या माणसाकडून घेतले तरी मागा. आपापसात कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा गैरसमज आपल्या बिरादरीत अजून आहे. लष्करी वस्तू विनाकागद सापडली तर पहिला संशय ज्याच्या गोडाऊनमध्ये ती आहे त्याच्यावर येतो. मग वकील, फेऱ्या, बंद पडलेला धंदा आणि घरच्यांची झोप उडणे. एक फाइल नीट ठेवली तर हे सगळे टळते.

गाडी चालवायला ठेवायची असेल तर आणखी काही गोष्टी लक्षात घ्या. लष्करी वाहनाच्या नंबरात वर टोक असलेला बाण असतो. ती पाटी नागरी रस्त्यावर लावता येत नाही; आरटीओकडे रीतसर नोंदणी करून नवा नंबर घ्यावा लागतो. लष्करी वाहनांचा शेवाळी हिरवा रंग खासगी मोटारीला देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांची मनाई आहे, त्यामुळे हौसेने घेतलेल्या जीपचा रंग बदलणे भाग आहे. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ अशी वेगळी नोंदणी सुरू झाली आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. शिवाय चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो.

तोफेची नळी, बंदुकीचे भाग किंवा दारूगोळ्याचा अंश आढळला तर मात्र सौद्याचा विचारच करू नका. शस्त्रास्त्रांचा आणि स्फोटकांचा कायदा कडक आहे. ती वस्तू पोलिसांच्याच हवाली करायची.

लोखंडात दडलेला मृत्यू

नगरजवळ के. के. रेंज हे लष्कराचे गोळाबार सरावाचे मोठे क्षेत्र आहे. के. के. म्हणजे खारे कर्जुने, तिथल्या गावाचे नाव. सरावातले पितळ, तांबे आणि लोखंड विकून चार पैसे मिळतात म्हणून आसपासची गरीब माणसे ते वेचतात आणि न फुटलेला गोळा हाताळताना दगावतात. अशा बातम्या नगरच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. गोळा जमिनीत दहा वर्षे गंजत पडला तरी तो मेलेला नसतो. उलट आतले रसायन जुने होऊन जास्त नाजूक झालेले असू शकते.

हा धोका सरावाच्या मैदानापुरता नाही. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत गोळे निघाले आणि स्फोटात १० कामगार ठार झाले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात आलेले एक जुने यंत्र तोडले गेले. आत कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य होते. अनेक जण आजारी पडले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. ज्यांनी ते तोडले त्यांना आपण काय तोडतो आहोत हे माहीतच नव्हते. लिलाव सरकारी होता, कागद होते, तरीही जीव गेला. कागद पाहिले म्हणून वस्तू पाहायची राहू नये, हा मायापुरीचा धडा.

जुन्या लष्करी वाहनांत आणखी काही गोष्टी लपलेल्या असतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मीटरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांना रेडियमचा रंग देत. कालांतराने ती चमक जाते, पण रेडियम जात नाही. त्याचे बळ निम्मे व्हायलाच १६०० वर्षे लागतात. असा डायल फोडू नये, खरवडू नये आणि मुलांना खेळायला तर मुळीच देऊ नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात आणि इंजिनच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोफेचा धक्का झेलणारे सिलिंडर दाबाखाली असतात. त्यांना ज्योत लावली तर ते फुटतात. रिकामी दिसणारी डिझेलची टाकीसुद्धा आतल्या वाफेने पेट घेते. टाकी उघडून, धुऊन, पाणी भरून मगच तिच्याजवळ कटर न्यावा.

म्हणून प्रत्येक गोडाऊनमध्ये एक साधा नियम असावा. शंकास्पद वस्तू आली की हात लावायचा नाही, हलवायची नाही, ठोकून पाहायची नाही. सगळ्यांना लांब करायचे आणि ११२ वर फोन करायचा. सौदा मोडेल, दोन दिवस काम थांबेल, चौकशी होईल. यातले काहीही एका तरुण कामगाराच्या जिवापेक्षा मोठे नाही. हे नियम मालकाने कामगारांना त्यांच्या भाषेत, हिंदीत असो की बंगालीत, समजावून सांगितले पाहिजेत, कारण कटर मालकाच्या हातात नसतो.

घरातल्या बायाबापड्यांनीही एक लक्षात ठेवावे. काही घरांत शोकेसमध्ये पितळी काडतुसाची किंवा गोळ्याच्या कवचाची फुलदाणी असते. ती कुठून आली हे माहीत नसेल किंवा टोक बंद असेल, तर ती घासूनपुसून ठेवण्यापेक्षा पोलिसांना दाखवून घेतलेली बरी.

विक्रांतचे लोखंड

सगळेच जपता येत नाही, हेही मान्य करायला हवे. आयएनएस विक्रांत ही १९६१ मध्ये नौदलात आलेली विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे खर्च झेपेना. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर कापली गेली. तिच्या काही पोलादातून पुण्याच्या बजाज कंपनीने २०१६ मध्ये ‘व्ही’ नावाची मोटारसायकल बाजारात आणली. लोकांनी ती आवर्जून घेतली, कारण पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचे लोखंड आहे हे त्यांना ठाऊक होते.

त्याच दारूखान्यात तेच पोलाद निनावी ढिगात गेले असते तर त्याचा फक्त किलोचा भाव झाला असता. ओळख सांगितली गेली म्हणून त्याची किंमत वाढली, मानाचीही आणि पैशाचीही. भंगाराच्या ढिगाशी रोज हात असलेल्या आपल्या माणसांइतकी लोखंड ओळखणारी नजर दुसऱ्या कोणाकडे नसेल. वजन अंदाजाने सांगणारी, आवाजावरून धातू ओळखणारी ही माणसे आहेत. या नजरेला नंबर वाचण्याची, फोटो काढण्याची आणि विचारण्याची सवय जोडली की झाले. जुना नंबर, पट्टी किंवा नाव आढळले तर नगरच्या संग्रहालयाला किंवा जवळच्या लष्करी ठाण्याला कळवावे. त्यात कोणाचे नुकसान नाही, आणि कदाचित एखाद्या शहिदाच्या घरच्यांना काहीतरी परत मिळेल.

पुढच्या सुटीत मुलांना घेऊन नगरला जा. शिरूरहून एसटीने तासाभराचा रस्ता आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर या मार्गावरच धावली होती. रणगाडे दाखवताना मुलांना सांगा की, अब्दुल हमीद यांच्याकडे यांतले काहीच नव्हते, साधी जीप होती. आणि गोडाऊनवर काम करणारा भाऊ किंवा मुलगा बरोबर असेल, तर पट्ट्याची कडी, झाकणाची जाडी आणि ओतीव नंबर त्याला हात लावून पाहू द्या. उद्या त्याच्या काट्यावर असेच काही आले, तर कटर पेटवण्याआधी तो नक्की दोन मिनिटे थांबेल.